हळदीच्या कारखान्यातला पाळणा

अठरा वर्षं मी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या. त्या अठरा वर्षांत किमान दोनशे वेळा तरी मी आई झालो असेन. पाळण्याची दोरी हातात धरायची, पदर डोक्यावरून घ्यायचा, गळा भरून आणायचा आणि पद सुरू करायचं. पाळण्यात काय असायचं? गुंडाळलेलं धोतर. प्रेक्षागृहातल्या बायका हुंदके द्यायच्या, पुरुष उपरण्यानं नाक पुसायचे, आणि धोतर आपलं निवांत पडून असायचं.

आता ऐंशी उलटल्यावर त्या टाळ्या मला फारशा आठवत नाहीत. आठवते ती साळूबाई. नाटकाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. सांगलीत एका हळदीच्या कारखान्यात ती हळद निवडायची. पण एकोणीसशे एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात तिनं जो प्रवेश रंगवला, तसा मी कुठल्याही थिएटरात पाहिला नाही, आणि त्या प्रवेशाचं सामान माझं होतं हे माझं भाग्य.

बोलपट आले आणि आमची कंपनी मोडली. मोडताना ज्याच्या त्याच्या वाट्याला काही ना काही आलं. माझ्या वाट्याला आल्या कपड्यांच्या सहा पेट्या, चार पडदे, टिनाच्या तलवारी आणि कृष्णजन्माचा तो सागवानी पाळणा. चार खुरांवर चार पोपट कोरलेले, वर सोनेरी वर्ख. हे सगळं घेऊन मी सांगलीत पेठेच्या मागल्या गल्लीत दोन खोल्यांत राहायला आलो. शाळांच्या संमेलनांना, हौशी मंडळींना सामान पुरवायचं, पोरांना रंगमंचावर उभं राहायला शिकवायचं, असा माझा दिनक्रम होता. शेजारी चांदसाहेब राहायचा. तो आमच्या कंपनीचा पडदे रंगवणारा. राजवाडा, तुरुंग, अरण्य, सगळं त्याच्या कुंचल्यातून उतरलेलं. आता तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा.

आमच्या दाराच्या समोरच कारखान्याची भिंत होती. पलीकडे हळकुंडं ढोलात घालून घासायचे, त्याची घरघर दिवसभर चालायची. आणि त्या घरघरीवरून बायकांच्या ओव्या ऐकू यायच्या. सत्तरएक बायका जमिनीवर बसून हळकुंडं एकीकडे, गड्डे दुसरीकडे, किडकं तिसरीकडे असं निवडत. हातांच्या लयीत गाणं चालायचं. संथ, जरा पेंगुळलेलं.

चैत्र संपता संपता ते गाणं बदललं. मधेच एकदम चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. लयीचा पत्ता नाही. मी दोन दिवस ऐकलं. आमच्या धंद्यात एक गोष्ट हाडामांसी भिनलेली असते. विंगेत काही धडपडलं, नटाला शब्द सुचेना झाला, की पेटीवाला आवाज चढवतो. विनाकारण कोणी वर जात नाही.

तिसऱ्या दिवशी पाटीवर अक्षर काढता काढता चांदसाहेब म्हणाला, "मास्तर, ह्या बायका कायतरी झाकायलेत बघा."

कारखान्यातल्या बायका दुपारी पाण्याला आमच्या गल्लीतल्या नळावर येत. मी गेलो आणि विचारलं की तुमचं गाणं हल्ली असं का बिघडलंय. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एक ठसक्यात म्हणाली, "का वो मास्तर, आमच्यात येऊन बसायचा इचार हाय व्हय? लुगडं हाय न्हवं घरात?"

सगळ्या हसल्या. असल्या थट्टेला मी सरावलेलो. म्हटलं, सहा पेट्या भरून आहेत, शालूसुद्धा आहेत, तुम्हाला कमी पडली तर मागा. तशा त्या आणखी हसल्या आणि वातावरण मोकळं झालं. पण एकजण हसली नाही. उंच, सडपातळ, पंचविशी-सव्विशीची. कडेवर सात महिन्यांचं पोर, पिवळंधमक. त्या कारखान्यातली सगळी पोरं पिवळी असत. बायका म्हणायच्या, आमच्या पोरांना जन्मताच हळद लागलीय. तिनं मला नीट निरखलं आणि विचारलं, "आवाज न बसता गानं कसं चढवायचं, ते सांगशीला का? आमचा दोपारपातूर बसतोय."

ती साळूबाई. मूळची कुंडलची. नवरा मानसिंग पलटणीत, तेव्हा काश्मिरात होता. कडेवरचं ते एवढंसं पोर म्हणजे हंबीरराव.

आवाज कशासाठी चढवायचा, हे मी विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं.

कारखान्यात पोरं आणायला बंदी नव्हती. बंदी होती ती पोराच्या रडण्याला. केरबा मुकादमाचा नियमच होता, पोर रडलं की आईनं त्याला घेऊन घरी जायचं आणि परत यायचं नाही. म्हणून सकाळी निघताना बायका पोराच्या जिभेवर अफूची गोळी ठेवत. मोहरीएवढी. बाळगोळी म्हणत तिला. मग भिंतीकडेला बारदानावर ओळीनं पोरं निजवायची, ती संध्याकाळपर्यंत हलत नसत. माशी नाकावर बसली तरी हात उचलत नसत. हा काही त्या कारखान्याचाच प्रकार नव्हता. शेतात, गुऱ्हाळात, गिरणीत, जिथं म्हणून आई राबत होती तिथं हे चालायचं. आयांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. त्यांना दुसरं काही ठेवलंच नव्हतं.

साळूबाईची पहिली मुलगी गुऱ्हाळावर अशीच निजवली होती. ती उठली नाही. साळूबाईनं हे एका वाक्यात सांगितलं आणि पुन्हा कधी त्याबद्दल बोलली नाही. त्यानंतर हंबीरराव झाला, मानसिंग सरहद्दीवर गेला आणि पोटासाठी ती सांगलीला आली. इथं पुन्हा तीच गोळी. अर्धी करून द्यायची, आणि दर घटकेला काही निमित्त काढून, पदर खोचायच्या, लुगडं झाडायच्या मिषानं उठून त्याच्या नाकापुढं बोट धरून यायची.

मग एप्रिल महिन्यात कारखान्याच्या दाराशी एक कागद लागला.

देशाला स्वराज्य मिळून दोन वर्षंही झाली नव्हती. सांगलीचं संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. आणि दिल्लीनं कारखान्यांसाठी नवा कायदा केला होता, तो त्या महिन्यापासून लागू झाला. कायद्याचा सारांश कामगारांच्या भाषेत दारावर लावलाच पाहिजे असा नियम होता, म्हणून कारकुनानं तो लावला. चांगला उंच, कोणाची मान दुखेल इतका. कोण वाचणार आहे, असा त्याचा हिशोब.

पण साळूबाईला वाचता येत होतं. पत्री सरकारच्या दिवसांत कुंडलला बायकांसाठी अक्षरांचा वर्ग चालायचा, तिथं ती बाराखडी शिकली होती. जोडाक्षरांशी मात्र तिची झटापट होई. सकाळी हजेरीला बायका दाराशी रांगेत उभ्या राहत. रांग सरकेपर्यंत तिच्या दोन ओळी होत. रोज दोन ओळी. पहिले चार दिवस भिंतींना चुना लावण्यातच गेले. मग पिकदाण्या आल्या. मग संडास. तरी तिनं सोडलं नाही. बाराव्या दिवशी ती त्या ओळीवर पोचली. जिथं पन्नासाहून जास्त बायका कामाला आहेत तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी खोली पाहिजे. उजेडाची, वाऱ्याची, स्वच्छ. तिथं सांभाळायला बाई पाहिजे. आणि आईला पोराला पाजायला मधेच सोडलं पाहिजे.

तिनं लगेच कोणाला सांगितलं नाही. आपण चुकीचं वाचलं असेल म्हणून पुढचे तीन दिवस तेवढ्याच ओळी पुन्हा वाचल्या. मग केरबा मुकादमापुढं जाऊन उभी राहिली. केरबा ऐकून इतका हसला की त्याला ठसका लागला.

"दिल्लीनं लिवलंय न्हवं? मग दिल्लीलाच ठिवून ये तुजं पोरगं."

शेठच्या कचेरीत तिला कोणी शिरू दिलं नाही. पण त्याच कागदात असंही लिहिलं होतं की सरकारी इन्स्पेक्टर येईल आणि पाहील. साळूबाईनं त्यावर विचार केला. इन्स्पेक्टर आला आणि भिंतीकडेला पोरं गाढ झोपलेली दिसली, तर तो काय म्हणेल? म्हणेल, छान झोपलीत. झोपलेलं पोर कसली तक्रार करत नाही. तो यायच्या आत पोरं जागी झाली पाहिजेत.

ती सगळ्या पोरवाल्या बायकांशी बोलली. बायका घाबरल्या. त्यांच्यातली मनुबाई ही म्हातारी. डोळ्यांत मोतीबिंदू, पण हाताच्या स्पर्शानं हळकुंड चांगलं की किडकं ते सांगायची. तिनं बजावलं, सवय झालेल्या पोराची गोळी एकदम बंद कराल तर पोर हातचं जाईल. हळूहळू उतरवा. आठवडाभर तिळाएवढी. मग राजगिऱ्याएवढी. मग नुसतं बोट लावायचं. मग काही नाही. बायकांनी तसं ठरवलं. गोळी लहान होत गेली तसतशी पोरं जागी होऊ लागली, कुरकुरू लागली, रडू लागली. आणि ते रडणं केरबाच्या कानावर जाऊ नये म्हणून सत्तर बायका गळा फुटेपर्यंत ओव्या गात होत्या.

हे सगळं ऐकल्यावर माझ्यातला नट जागा झाला. म्हटलं, बाई, तुमचं चुकतंय कुठं ते सांगतो. तुम्ही सगळ्या एकदम गाता आणि सगळ्या एकदम श्वास घेता, तेवढ्यात फट पडते आणि पोर ऐकू येतं. दोन फळ्या करा. एकीची ओळ संपायच्या आत दुसरीनं झील उचलायची. आणि आवाज गळ्यातून काढू नका, पोटातून काढा. नळावर रोज दुपारी मी त्यांना दम कसा साठवायचा ते दाखवलं. चांदसाहेबानं पाटीच्या फळीवर ठेका धरला. साळूबाईनं स्वतःच एक ओवी जुळवली होती, ती त्यांना फार आवडायची:

हळकुंडं निवडिते बाई, गड्डं पडं बाजूला
जागं माजं राजस, कुनी सांगू नका राजाला

राजा म्हणजे केरबा. आणि गंमत अशी की केरबालाही ती आवडायची. बायकांना कामात हुरूप आलाय, आपल्या शिस्तीचा हा परिणाम, असं त्यानं शेठला सांगितल्याचं पुढं कळलं.

महिना असा गेला. शेवटच्या आठवड्यात एकाही पोराला गोळी लागत नव्हती. एकोणीस पोरं भिंतीकडेला जागी, आणि कारखाना गातोय. पण असं किती दिवस रेटणार? बायकांचे गळे सोलून निघाले होते. केरबा एकदा जरी त्या भिंतीकडे वळून नीट पाहता, तर एकोणीस बायका त्याच दिवशी बाहेर होत्या आणि हंबीररावाच्या जिभेवर पुन्हा मोहरी आली असती, इथं नाही तर दुसऱ्या दारात.

मे महिना संपत आला असताना केरबा आणि कारकून माझ्या घरी आले. सोमवारी इन्स्पेक्टर यायचा होता. बारदानाची खोली रिकामी करून चुना मारला होता. तिथं एका दिवसासाठी पाळणा पाहिजे, मागं एखादा छानसा पडदा पाहिजे, दारावर पाटी पाहिजे, आणि सांभाळणारी बाई म्हणून मनुबाईला बसवायचं तर तिला नेसवायला बरं लुगडं पाहिजे. साहेब गेला की सामान परत.

म्हणजे देखावा. जन्मभर मी तेच केलं होतं. पुठ्ठ्याचा महाल उभा करायचा, पडदा पडला की मोडायचा. पण त्या दिवशी जीभ उचलेना. विचार करून सांगतो म्हटलं आणि दुपारी नळावर जाऊन साळूबाईला सांगितलं की मी नाही म्हणणार आहे.

ती घागर भरत होती. भरलेली घागर तिनं कट्ट्यावर ठेवली.

"न्हाई म्हनू नका," ती म्हणाली. "द्या. चांगला घासून-पुसून द्या. पाळना एकदा आत येऊ द्या, मग त्यो भाईर कसा जातोय ते मी बगते."

मी पाळणा दिला. मोरांच्या बागेचा पडदा दिला. मनुबाईसाठी राणीचं हिरवं लुगडं काढून दिलं. चांदसाहेबाला केरबानं बजावलं होतं की पाटी खडूनं लिही, म्हणजे नंतर पुसता येईल. चांदसाहेब शिडी घेऊन गेला आणि दाराच्या चौकटीवर, थेट भिंतीवर, पांढऱ्या तेलरंगात हातभर अक्षरांत "पाळणाघर" असं लिहून आला. वर दुसरा हातही मारला. केरबा तडकला तसा चांदसाहेब म्हणाला, "मला खडूनं लिवता येत न्हाई, मुकादम. शिकलोच न्हाई. आता तासल्याशिवाय न्हाई जायाचं ते."

सोमवार उजाडला. आपल्या सामानावर नजर ठेवायला म्हणून मला आत बोलावलं होतं. केरबानं पाच गोरीगोमटी पोरं निवडली होती, त्यांना न्हाऊ घातलं होतं आणि त्यांच्या आयांच्या हातात स्वतः गोळ्या ठेवल्या होत्या. आज दुप्पट द्या, म्हणाला, साहेबापुढं गाढ झोपली पाहिजेत. आयांनी गोळ्या घेतल्या, कनवटीला लावल्या आणि तिथंच राहू दिल्या.

इन्स्पेक्टर पुण्याहून आला होता. चाळिशीच्या आतबाहेरचा, चष्मा, कोट, बगलेत वही. ढोल पाहिले, ते फिरवणारे पट्टे पाहिले, पाण्याचा माठ हुंगून पाहिला. शेठ त्याच्याबरोबर हसतमुखानं फिरत होता. शेवटी तो म्हणाला, आता आमचं पाळणाघर पाहावं. दार उघडलं.

आत पाच पोरं असायला हवी होती. एकोणीस होती. केरबा साहेबामागं फिरत होता तेवढ्यात साळूबाईनं भिंतीकडेची सगळी आणून ठेवली होती. मधोमध माझा पाळणा, मागं बागेत नाचणारे मोर, आणि एका बाजूला हिरव्या शालूत मनुबाई, जणू दरबार भरवून बसलेली. पाळण्यात हंबीरराव. सोनेरी पोपटाची मान मुठीत धरून टक्क जागा. एवढी माणसं एकदम दिसली तसं त्यानं ओठ काढले, छाती भरून घेतली आणि असा टाहो फोडला की मी अठरा वर्षांत तसा स्वर लावला नव्हता. लागलीच बाकीच्या अठरांनी झील उचलली.

केरबानं माझ्याकडे पाहिलं, जणू माझाच प्रवेश चुकला होता.

इन्स्पेक्टर पाळण्याजवळ गेला. वाकला. पोपटावरून बोट फिरवलं.

"हा पाळणा मी पाहिलाय," तो म्हणाला.

शेठ म्हणाला की मुद्दाम पुण्याहून बनवून आणवला.

"नाही. इथंच, सांगलीत. मी शाळेत होतो. कृष्णजन्माचा प्रवेश." त्यानं मान वळवून मागचा पडदा पाहिला, मग मनुबाईचं लुगडं पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही यशोदा."

नटाला ओळख मिळावी म्हणून आम्ही नवस बोलायचो. त्या घटकेला मात्र जमीन दुभंगली तर बरं, असं झालं. शेठ हुशार माणूस होता, पण तो या गावचा नव्हता. सुपारी विकणारासुद्धा जिथं कुठल्या कंपनीचा कुठला पडदा ते सांगतो, त्या गावात त्यानं नाटकातला पाळणा खरा म्हणून मांडला होता.

खोलीत नुसतं रडणं भरलं होतं. इन्स्पेक्टरनं शेठला काही विचारलं नाही. पाळण्याची दोरी धरून साळूबाई उभी होती, तिला विचारलं, "बाई, हा पाळणा इथं रोज असतो का?"

होय म्हणावं, तर खोटं साहेबाच्या वहीत चढलं असतं, आणि संध्याकाळी पाळणा माझ्या घरी, पोरं बारदानावर. नाही म्हणावं, तर शेठवर खटला, आणि उद्या सकाळी एकोणीस बायकांची नावं हजेरीतून बाद. पन्नासाखाली बायका ठेवल्या की खोलीची कटकटच नाही, हे कारकुनानं शेठला आधीच सुचवून ठेवलं होतं. साळूबाईला हे दोन्ही ठाऊक होतं. तिनं दोरी सोडली नाही.

"काल न्हवता, सायेब," ती म्हणाली. "आजपास्नं हाय. शेठनी खोली दिली, चुना दिला, मनुबाईस्नी बसिवलं. दारावर नाव तेलाच्या रंगात घातलंय, ते बगा. एका दिसासाटी कोन तेलाचा रंग घालतंय व्हय? इचारा त्यास्नी. समोर हायती."

इन्स्पेक्टरनं दारावरची अक्षरं पाहिली. मग वही उघडली, टोपण काढून पेन हातात घेतलं आणि म्हणाला, "असं आहे का शेठ?"

मी मोठमोठ्या नटांना शब्द विसरून उभं राहिलेलं पाहिलंय. शेठ तसा उभा होता. पाळणा उसना आहे हे साहेबाला कळलं होतं. साहेबाला कळलंय हे शेठला कळलं होतं. त्याच्यापुढं इभ्रतीनं बाहेर पडायला एकच दार उघडं होतं, आणि ते त्या हळद निवडणाऱ्या बाईनं उघडून धरलं होतं.

"आहे," शेठ म्हणाला.

"मग लिहून घेतो." इन्स्पेक्टर उभ्या उभ्याच लिहू लागला. आजच्या तारखेपासून पाळणाघर सुरू. मुलं एकोणीस. सांभाळणारी, मनुबाई. मुलांची नावं सांगा. पहिलं नाव हंबीरराव. एकेक आई पुढं येऊन नाव सांगू लागली.

ते संपल्यावर साळूबाई म्हणाली, "आनि पाजायला आयांना मदी सोडायचं, ते बी त्यात हाय. त्येच्या खालच्याच वळीत."

इन्स्पेक्टरनं चष्मा वर केला. "तुम्ही वाचलंत ते?"

"दोन-दोन वळी. बारा दिस लागलं."

"या महिन्यात मी सतरा कारखाने पाहिले," तो शेठला म्हणाला. "तो कागद वाचलेलं माणूस आज पहिल्यांदा भेटलं." मग पाजण्याच्या सुट्टीचंही त्यानं लिहिलं, खाली शेठची सही घेतली, आणि मी पुन्हा येईन, कळवून येणार नाही, असं सांगून निघाला. जाताना माझ्यापाशी थांबला. त्या रात्री यशोदेचा आवाज फार लागला होता, एवढंच म्हणाला.

शेठनं मला पुढं कधी पाळण्याबद्दल विचारलं नाही आणि मीही तो मागायला गेलो नाही. उलट, खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. पुढं पुढं तर मुंबईचे व्यापारी आले की तो त्यांना आधी पाळणाघर दाखवायचा आणि मग हळद. केरबानं सुरुवातीला फार तोंड वाकडं केलं, पण खोलीला पोरांच्या उंचीचं फाटक त्यानंच बसवून दिलं. मनुबाईला डोळ्यांनी दिसत नव्हतं तरी डोक्यावर हात ठेवला की कोणाचं पोर ते ती सांगायची. साळूबाईला पुढं लोणंदच्या शेंगांच्या कारखान्यातल्या बायकांनी बोलावलं, उंब्रजच्या बाजूनंही बोलावणं आलं, आणि ती हंबीररावाला घेऊन जायची. तिथं काय काय झालं ते मी तिच्या तोंडून ऐकलंय, पण ते माझ्या डोळ्यांदेखतचं नाही. मी पाहिलेलं एवढंच सांगतो.

इन्स्पेक्टर येऊन गेल्याच्या दुसऱ्या सकाळी मी आणि चांदसाहेब कारखान्यात गेलो होतो. पाळण्याची कडी नाटकापुरती होती, ती काढून तुळईत लोखंडाची पक्की बसवायची होती. ढोल अजून सुरू झाले नव्हते. सत्तर बायका ओळीनं निवडायला बसल्या होत्या आणि गात नव्हत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना गायची गरज नव्हती. हळकुंड हळकुंडावर पडल्याचा आवाज तेवढा येत होता.

खोलीतून एक पोर रडलं.

एकोणीस बायकांची डोकी एकदम वर झाली. आणि मग त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणाचं पोर, कोणालाच सांगता येईना. दिवसाउजेडी आपलं पोर रडताना त्यांनी कधी नीट ऐकलंच नव्हतं. आधी गोळी होती, नंतर त्यांचंच गाणं. साळूबाईनं कान दिला आणि मान हलवली. हंबीरराव नव्हता. एकीनं उठायला गुडघा वर केला आणि पुन्हा खाली ठेवला.

पोर पुन्हा रडलं, जरा लांबवून, शेवटाला हेल काढून.

कोपऱ्यात अंबूबाई बसायची. गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिचं पोर अकरा महिन्यांचं. ती तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होती. हातातलं हळकुंड तिनं खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि उभी राहिली.

"ह्यो माजा हाय," ती म्हणाली.

खोलीच्या वाटेवर केरबा उभा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, दारावरच्या अक्षरांकडे पाहिलं आणि बाजूला सरकला. अंबूबाई सगळ्यांच्या मधून, डोकं वर करून, सावकाश चालत आत गेली.